तळघर असावे की नसावे? कतारच्या वाळूखालचा इतिहास

आमच्या धाकट्या भावाने अश्दोदपासून अर्ध्या तासावर जमिनीचा एक तुकडा घेतला आहे व तेथे घर बांधावयाचे ठरविले आहे. नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन तो एका शुक्रवारी सकाळी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, इंजिनिअर विचारतो, खाली मर्तेफ काढायचा का? आत्ता काढला तर काढला, मागाहून नाही." आई त्याच्याकडे राहावयास जाणार आहे. तिचे वय ब्याण्णव. म्हणून हा प्रश्न नुसत्या सिमेंटचा नव्हता, आईचा होता.

तळघराविषयी आम्हांस जे काही कळते ते पुष्कळसे कतारमध्ये कळले, असे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल. या बाईंचा कतारशी काय संबंध? तो आधी सांगतो.

मुंबईस नर्सिंगच्या वर्गात आमच्या शेजारच्या खाटेवर वसईची एक ख्रिस्ती मुलगी होती. आम्ही माझगावचे, ती वसईची, दोघींची भाषा मराठी, आणि दोघींच्या सणावाराच्या दिवशी वॉर्डातल्या इतर मुलींना सुटी नसे. त्यामुळे ड्यूट्यांची अदलाबदल करून आमची मैत्री जमली. १९७९ साली आम्ही इस्रायलला आलो. ती १९८२ साली दोह्याला गेली. हमद हॉस्पिटल उघडले ते त्याच वर्षी, आणि तेथे आपल्याकडच्या नर्सेसना मोठी मागणी होती. पुढे कित्येक वर्षे आमची पत्रे वसईमार्गे जात. तिची आई आमचे पाकीट फोडून आतले पत्र नव्या पाकिटात घाली, दोह्याचा पत्ता लिही आणि पोस्टात टाकी. म्हातारीने एकही पत्र कधी वाचले नाही, असे मैत्रीण शपथेवर सांगते. आमचा विश्वास नाही. १९९६ साली दोह्यात इस्रायलची व्यापारी कचेरी उघडली तेव्हा आता येणेजाणे होईल असे वाटले होते. ती २००९ च्या जानेवारीत बंद झाली.

मैत्रीण निवृत्त होऊन वसईला परतली, पण तिची मुलगी दोह्यातच नोकरीस आहे. ती आम्हांस मावशी म्हणते. २०२२ च्या नोव्हेंबरात कतारला फुटबॉलचा विश्वचषक झाला आणि तेवढ्यापुरती तेल अवीवहून थेट विमाने सुटली. आमच्या नातवास सामना पाहावयाचा होता. सोबत कोण? सगळ्यांच्या नोकऱ्या. निवृत्त आजी तेवढी मोकळी. अशा रीतीने फुटबॉलमधले अवाक्षर न कळणाऱ्या आम्ही दोह्याला पोहोचलो आणि पाच दिवस अबू हामूर भागातील भाचीच्या घरी राहिलो.

ते घर म्हणजे एक मोठा बंगला, भिंती घालून चार बिऱ्हाडांत वाटलेला. तेथे असे बंगले पुष्कळ. तळमजला, वर एक मजला आणि गच्चीवर थोडे बांधकाम, ही नेहमीची ठेवण. भाचीच्या वाट्याला तळमजला आणि तळघर आले होते. "भाडे तेवढेच, मावशी, आणि खाली दोन खोल्या फुकट," ती म्हणाली. त्या फुकट खोल्या पाहावयास आम्ही अकरा पायऱ्या उतरलो. पाचव्या पायरीवरच वास आला. चाळीस वर्षे वॉर्डात काढलेल्या माणसाचे नाक फसत नाही. ती बुरशी होती. भिंतीचा रंग कमरेएवढ्या उंचीपर्यंत पापडासारखा सुटला होता आणि त्याखाली पांढरी फुले आली होती. फुले कसली, मीठच ते. बोटावर घेऊन जिभेला लावले तर खारट लागले. (नातू म्हणाला, "आजी, काय करतेस!") कोपऱ्यात फरशीखाली एक खड्डा होता, त्यात बुडता पंप. दर वीस मिनिटांनी तो घरघर करी आणि थांबे. आणि त्याच खोलीत घरकामाची मुलगी, श्रीलंकेहून आलेली, झोपत असे. तिला रोज सकाळी खोकल्याची उबळ येई.

आम्ही पाहुणे होतो. तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी भाचीला सांगितले की ती मुलगी वर झोपली पाहिजे. भाची थोडी रागावली. जागा कोठे आहे, म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने मुलांच्या अभ्यासाच्या खोलीतले टेबल हलविले आणि मुलीचा पलंग वर आणला. आम्ही तेथून निघालो त्या दिवशी नाही, पण पुढे महिन्याभराने भाचीने कळविले की खोकला गेला.

वाळवंटातील घराच्या भिंतीत पाणी कोठून आले, हा प्रश्न मात्र आमच्या डोक्यात राहिला. नातू सामन्यास जाई तेव्हा आम्ही भाचीच्या मोटारीतून जुने दोहा पाहत हिंडलो, आणि घरी आल्यावर वाचावयास लागलो. त्यातून जे हाती आले ते असे.

जुने दोहा हे मोती काढणाऱ्यांचे आणि कोळ्यांचे गाव. घरे समुद्रातून आणलेल्या व जवळपास फोडलेल्या चुनखडी दगडाची, वर जिप्समचा गिलावा. छपरास पूर्व आफ्रिकेतून गलबतांनी आणलेले खारफुटीचे वासे. तो वासा सुमारे तीन मीटर लांब, म्हणून खोलीची रुंदीही तेवढीच; लांबी मात्र हवी तेवढी वाढवावी. मध्ये अंगण, बाहेरच्या बाजूस खिडक्या थोड्या. उन्हाळ्याच्या रात्री सारे कुटुंब गच्चीवर झोपे. मुशैरेब भागात अशी चार जुनी घरे नीट करून २०१५ साली संग्रहालये केली आहेत. त्यांतले रदवानींचे घर १९२० च्या दशकातले. ती घरे आम्ही एकेक खोली करून पाहिली. तळघर कोठेही दिसले नाही. वायव्येकडील जुबारा हे मोत्यांचे बंदर १८११ साली उद्ध्वस्त झाले आणि आता जागतिक वारसा म्हणून जपले आहे. तेथील उत्खननात खजुराचा पाक काढण्याच्या खोल्या सापडल्या आहेत. जमिनीला पन्हाळ्यासारख्या चरी. त्यावर खजुराची पोती एकावर एक रचावयाची, वजनाने पाक गळतो आणि चरीतून वाहत जमिनीत पुरलेल्या रांजणात पडतो. तळघर म्हणावे असे त्या घरात काही असेल तर तो रांजण.

याउलट बगदाद पाहा. अश्दोदला आमच्या जिन्यासमोर बगदादची एक आजीबाई राहत असे; १९५१ साली ती विमानाने इकडे आली. तिच्या तोंडून आम्ही सर्दाब हा शब्द प्रथम ऐकला. सर्दाब म्हणजे अर्धवट जमिनीत गेलेली खोली, विटांच्या कमानीची. उन्हाळ्यात दुपारचे जेवण झाले की सारे घर तेथे उतरे आणि ऊन कलेपर्यंत झोपे. भिंतीतून वारा यावा म्हणून गच्चीपासून सर्दाबापर्यंत पोकळ नळ काढलेला असे. आजीबाई त्या गारव्याचे वर्णन करताना डोळे मिटून घेई. मग डोळे उघडून म्हणे, "पण वसंतात तैग्रिस भरली की खाली गुडघाभर पाणी." १९५६ साली थरथारच्या खोलगट भागात पुराचे पाणी वळविण्याची सोय झाली तोपर्यंत बगदादला ही धास्ती दरवर्षीची.

बगदादला जे होते, इराणातील यझ्दला जे होते, ते त्याच आखाताच्या काठी दोह्याला का नव्हते? यझ्दला उंच वाऱ्याचे मनोरे असतात, त्यांस बादगीर म्हणतात. वरच्या फटीतून वारा धरावयाचा आणि खाली तळघरापर्यंत पोहोचवावयाचा. दक्षिण इराणातील व्यापारी आखाताच्या या तीरावर येऊन राहिले, तेव्हा ते बादगीर घेऊन आले. दुबईत आले, बहरीनमध्ये आले. दोह्यातही नजादा बाजारात १९३० च्या दशकातले बादगीरचे एक घर राखून ठेवलेले आहे. परंतु बादगीर आला तो तळमजल्याच्या खोलीपर्यंतच. त्याच्या खालचे तळघर समुद्रापलीकडेच राहिले. अर्धे घर आले, अर्धे नाही.

याची कारणे शोधता दोन सापडली आणि दोन्ही पटली. पहिले उष्णतेचे. जमिनीत दहा-पंधरा फूट खाली गेले की तेथे दिवसाचे ऊन पोहोचत नाही. तेथील उष्णता त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीएवढी राहते. बगदादची सरासरी तेवीस अंशांच्या आसपास, यझ्दची त्याहूनही कमी. बाहेर चव्वेचाळीस आणि खाली पंचवीसच्या आत-बाहेर, म्हणजे स्वर्गच. दोह्याची सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस, कारण तेथे हिवाळा म्हणजे नावालाच. एवढे खणून मिळावयाचे काय, तर अठ्ठावीस अंश. आणि वर समुद्राची दमट हवा. दमट हवा गार भिंतीला लागली की भिंतीस घाम सुटतो. गच्चीवरचा वारा त्याहून बरा, असे दोह्याच्या माणसांनी ठरविले असेल तर त्यात त्यांचे काय चुकले?

दुसरे कारण पाण्याचे. ते सांगताना थोडा वेळ घेतो, कारण भाचीच्या भिंतीतले मीठ येथूनच आले.

कतार म्हणजे समुद्रात शिरलेली चुनखडीची एक बुटकी जीभ. किनाऱ्याजवळ थोडे खणले की खारे पाणी लागते. पूर्वी गोडे पाणी आतल्या बाजूच्या विहिरींतून येई आणि जपून वापरले जाई. १९५० च्या सुमारास साऱ्या देशाची वस्ती पंचवीस-तीस हजार. मोत्यांचा धंदा १९३० च्या आसपास जपानी मोत्यांमुळे आणि जागतिक मंदीमुळे बसला होता. माणसे उपाशी राहिली, गाव सोडून गेली. दुखानला तेल लागले होते, पण महायुद्धामुळे त्याची निर्यात १९४९ साली सुरू झाली. त्यावेळी तेथे हिशेब रुपयांतच होत असे. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ पर्यंत त्या कतारमध्ये चालल्या. तेलाचा पैसा आला आणि १९५३ साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पहिला कारखाना निघाला.

येथून पुढचे मोठे विलक्षण आहे. कारखान्यांमागून कारखाने निघाले, नळ आले, बागा आल्या, हिरवळी आल्या, घरोघरी शोषखड्डे आले. नळ गळतात, बागांचे पाणी मुरते, शोषखड्डे झिरपतात. समुद्रातून उपसून, तेल आणि वायू जाळून गोडे केलेले पाणी जमिनीत मुरू लागले, आणि खाली खारे पाणी व खडक असल्यामुळे त्यास जावयास वाट नव्हती. ते वर चढू लागले. वर्षास जेमतेम तीन इंच पाऊस पडणाऱ्या गावात भूजल वर येते आहे अशी तक्रार १९७०-८० च्या काळातच सुरू झाली. घरांचे पाये ओले, रस्ते खचलेले, तळघरांत पाणी. शिवाय ते पाणी मिठाने आणि सल्फेटाने भरलेले. सिमेंटला सल्फेट खाते, आतल्या लोखंडाला मीठ खाते. लोखंड गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. माणसाच्या हाडाला आतून रोग लागावा तसे.

आम्ही हे फोनवर मैत्रिणीला सांगितले तेव्हा ती हसली. वसईत नेमके उलटे झाले होते. तेथे घरामागे बावखले असत, गोड्या पाण्याने भरलेली. मुंबईच्या इमारतींसाठी टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या, गोडे पाणी खाली गेले आणि समुद्र आत शिरला, विहिरी मचूळ झाल्या. "आमच्याकडे पाणी नेलं म्हणून मीठ आलं, आणि पोरीच्या घरी पाणी आणलं म्हणून मीठ आलं," ती म्हणाली. "मीठ काही सोडत नाही आम्हाला."

सरकारने मग जमिनीखाली मोठी कामे केली. अबू हामूर भागातच सुमारे साडेनऊ किलोमीटर लांबीचा बोगदा काढला आहे, केवळ भूजल आणि पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी. २०१९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. मुशैरेबला त्या जुन्या घरांच्या शेजारी नवे उपनगर उभारले आहे आणि त्याच्या पोटात दहा हजारांहून अधिक मोटारी उभ्या राहतात. वर पायी हिंडणाऱ्यास एकही दिसत नाही. म्हणजे दोह्यात तळघर करता येत नाही असे मुळीच नाही. चांगले करता येते. फक्त बाहेरून जाड वेष्टण, विशेष सिमेंट, रात्रंदिवस पंप आणि त्यांवर नजर ठेवणारी माणसे लागतात. देशाच्या तिजोरीस हे परवडते. भाड्याने दिलेल्या बंगल्यात वेष्टणावर कोण खर्च करतो?

२० ऑक्टोबर २०१८ रोजी दोह्यात पाऊस झाला. अबू हामूरच्या केंद्रावर ८४ मिलिमीटर, म्हणजे साऱ्या वर्षाचा पाऊस एका दिवसात. आपण मुंबईकर २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर पाहिलेले किंवा ऐकलेले. ८४ म्हणजे आपल्याकडे छत्री घेऊन बाजारास जावयाचा दिवस. परंतु ज्या गावास पावसाची सवय नाही त्यास तेवढा पुरे झाला. बोगदे भरले, रस्ते भरले. भाचीच्या तळघराचा जिना बाहेरूनही उघडा होता. वीज गेली, पंप थांबला, आणि पाणी मांडीपर्यंत आले. तिच्या नवऱ्याने सामान वाचविण्यासाठी पाण्यात उडी घेतली. हे ऐकून आमचा जीव वर गेला. भिंतीतील विजेचे खटके पाण्याखाली, आणि वीज केव्हाही परत येणार. वाचकांपैकी कोणाच्या घरी तळघर असेल तर एवढे लक्षात ठेवावे, की वरचा मुख्य खटका बंद केल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकावयाचे नाही. गालिचा पुन्हा मिळतो.

आपल्या कोकणात तळघर नाही, याचेही कारण पाणीच. रेवदंड्याच्या, नवगावच्या, म्हसळ्याच्या घरांना उंच जोते असते, ओटी असते, पडवी असते. आणि साठवण करावयाची ती वर, माळ्यावर. तेलाचा घाणा चालविणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी तीळ कधी जमिनीखाली ठेवले असतील असे वाटत नाही. चार महिने जमिनीतून झरे फुटतात. घाट चढून देशावर गेले की गोष्ट बदलते. तेथे वाड्यांना तळघरे आणि गावाच्या पांढरीत पेवे. सांगलीजवळचे हरिपूर हळदीच्या पेवांसाठी नावाजलेले. तेथील माती अशी की जमिनीत पुरलेली हळद वर्षानुवर्षे कोरडी राही, कीड लागत नसे. २००५ सालच्या कृष्णेच्या महापुरात तेथे पाणी शिरले, पुष्कळ हळद नासली आणि कित्येक पेवे कायमची गेली.

पेवाची दुसरी गोष्ट नर्सला अधिक महत्त्वाची. बंद पेवातले धान्य श्वास घेते, प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेहून जड, म्हणून तळाशी बसून राहतो. जाणते शेतकरी पेव उघडले की लगेच उतरत नसत. दोरीने दिवा खाली सोडीत, दिवा विझला तर थांबत. न थांबणारा उतरे, कोसळे. त्याला काढावयास भाऊ उतरे, तोही कोसळे. अशा बातम्या आम्ही लहानपणापासून वाचीत आलो. जड वायू खाली बसतो, हे तळघराचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे आणि लोकांस ते सर्वांत कमी ठाऊक असते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला वायूही हवेहून जडच. तो वरच्या ओट्यावर गळला तरी पायऱ्या उतरून तळघरात जमतो, आणि तेथे कोणी दिव्याचा खटका दाबला की झाले. खडकातून येणारा रेडॉन वायूही तळघरातच साठतो. आपल्याकडे अरादच्या लोकांस त्याची माहिती आहे.

या जड वायूपायीच १९९१ साली इस्रायलमध्ये तळघरांची कल्पना उलटी झाली. १९५१ च्या कायद्याने येथे इमारतींखाली मिक्लात, म्हणजे आसऱ्याची जागा, बांधण्याची पद्धत पडली होती. बॉम्ब वरून येतो, तेव्हा माणसाने खाली जावे. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईला भोंगा वाजला की माझगावच्या आमच्या चाळीतली बिऱ्हाडे जिन्याखाली जमत. तळघर नव्हतेच, म्हणून जिन्याखाली. परंतु १९९१ च्या जानेवारीत इराकची स्कड क्षेपणास्त्रे येऊ लागली तेव्हा भीती होती विषारी वायूची, आणि तो खाली बसणारा. म्हणून सांगण्यात आले की मिक्लातमध्ये उतरू नका. घरातलीच एक खोली, वरच्या मजल्यावरची असल्यास उत्तम, चिकटपट्ट्या लावून बंद करा. आम्ही त्या रात्री ड्यूटीवर होतो. मुखवटे घातलेल्या रोग्यांना सलाईन लावताना शीर दिसत नव्हती. वायू आला नाही, स्फोटके आली. मग दोन्हीपासून बचाव व्हावा म्हणून १९९२ पासून प्रत्येक नव्या घरात त्याच मजल्यावर जाड काँक्रीटची खोली, ममाद, बांधणे भाग पडले. हॉस्पिटलांनी मात्र पुन्हा खालची वाट धरली. हैफाच्या रांबाम हॉस्पिटलाने मोटारी ठेवण्याचे तीन मजली तळघर असे बांधले की युद्धात त्यात दोन हजार खाटा मांडता येतात.

२३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने कतारमधील अल उदैद या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रे सोडली. त्याआधी दहा-अकरा दिवस आम्ही अश्दोदला तोच भोंगा ऐकत होतो. आईचे घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत. ममाद नाही, लिफ्ट नाही, मिक्लात तळाशी. गाझाच्या रॉकेटांच्या दिवसांत अश्दोदला पंचेचाळीस सेकंद मिळत; आईला एकेक जिना उतरावयास दोन मिनिटे लागतात. ती म्हणे, "तुम्ही जा, मी इथे तेहिल्लीम वाचते." आम्हीही मग तिच्याजवळ जिन्याच्या भिंतीला टेकून बसत असू. त्या संध्याकाळी फोन आला तो भाचीचा. आकाशात लाल गोळे दिसत होते, खिडक्या हादरत होत्या. "मावशी, कुठे बसू? तुम्हाला ठाऊक असेल." दोह्यातील घरात कोठे बसावे हे अश्दोदहून विचारण्याची पाळी! आम्ही सांगितले, खाली जा, बाहेरच्या जिन्याच्या दारापासून दूर राहा, सिलिंडर बंद कर, चपला घाल, पाणी घे. चारही बिऱ्हाडे त्या बुरसट खोलीत उतरली. श्रीलंकेच्या मुलीने आपल्या जुन्या पलंगाच्या जागी चटई घातली आणि भाचीच्या लेकरांना मांडीवर घेतले. बहुतेक क्षेपणास्त्रे वाटेतच पाडली गेली, कोणी दगावले नाही. त्या रात्री पंप घरघर करीत होता तो फोनमधून आम्हांस ऐकू येत होता.

पुढे ९ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी दोह्यात जे बॉम्ब पडले ते इस्रायलचे होते. हमासच्या नेत्यांवर तो हल्ला होता. त्यात माणसे मेली, त्यांत कतारचा एक सुरक्षा कर्मचारीही. राजकारणावर आम्ही येथे लिहीत नाही. एवढेच लिहितो की आम्ही भाचीला फोन लावला आणि तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, उचलला नाही. "सुखरूप आहे" असा एक शब्दाचा निरोप वसईहून आला, तिच्या आईकडून. जुन्या पत्रांसारखा, वसईमार्गे. तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही उचलला नसता. आम्ही मग लावावयाचे थांबविले.

काही महिने असे गेले. मग भाऊ नकाशा घेऊन आला.

आम्ही त्यास जे सांगितले ते येथे लिहितो. आईची खोली तळमजल्यावर, आणि ममाद तिच्या खोलीस लागून, मध्ये उंबराही नको. किंबहुना ममाद हीच तिची झोपावयाची खोली असावी. तळघरातला आसरा कितीही भक्कम असला तरी जो उतरू शकत नाही त्याला तो नाही. तळघर काढावयाचेच असेल तर ते सामानासाठी काढ, माणसासाठी नको. आणि माणसासाठी काढलेस तर त्याला खिडकी, बाहेर पडावयास दुसरे दार आणि कोरडी भिंत हवी. पावसाळा येथे थोडाच असतो, पण आला की धो धो येतो. गॅस खाली नको, गीझर खाली नको. आणि उद्या तू खोली भाड्याने देशील, तेव्हा तेथे कोण झोपेल याचा विचार आजच कर.

भाऊ ऐकतो, पण मुलांना पिंगपाँगचे टेबल हवे आहे. इंजिनिअरही म्हणाला की जागेचा भाव पाहता खाली खणणे स्वस्त पडते. तेव्हा तळघर होणार. पंप कोणता घ्यावा यावर मात्र कोणाचे एकमत होईना. आम्ही विचार केला, या विषयातली जाणकार एकच आहे. निरोप टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला. शेवटी दुसरे काहीही न लिहिता विचारले, "मामाच्या घराला तळघर करतात. पंप कोणता?"

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चार ओळी आल्या. एक पंप घेऊ नका, दोन घ्या. दुसरा बॅटरीवर चालणारा, कारण पाऊस आणि वीज यांचे पटत नाही. खड्ड्याला झाकण हवे, नाहीतर लेकरू पडेल. महिन्यातून एकदा बादलीभर पाणी ओतून पंप चालतो का ते पाहा. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत: "आजी आता कोणत्या खोलीत झोपते?"